ते मिठाचं नव्हतं, कापसाचं होतं : स्वतःचा राग वाचायला शिकण्याची एक रीत

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर सरत आला होता. सकाळी सातला कापसाची गाडी भरून निघालो, अकराच्या सुमारास काट्यावर पोचलो. खासगी व्यापाऱ्यानं गाडीत हात घातला, मूठभर कापूस दाबून पाहिला आणि ओलावा मोजायचं मीटर न लावताच म्हणाला, "ओला हाय." क्विंटलमागे कटती, म्हणजे कपात, लावली. माझ्यामागे गाड्यांची रांग. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर घाईत. माल परत न्यावा तर भराई-उतराईचा खर्च पुन्हा अंगावर. मी मान हलवली. येताना पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घेतला, दोघाचौघांशी हसून बोललोही. घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "मीठ टाकाची आठवण राह्यत नाही का तुले?" आवाज शेजारी गेला असावा, कारण तिकडचा टीव्ही एकदम बारीक झाला.

बायको काही बोलली नाही. ताट उचललं आणि पोराला घेऊन आत गेली. रात्री कंदील मालवावा इतक्या सहज आवाजात म्हणाली, "ते मिठाचं नव्हतं जी. कापसाचं होतं."

मला पुन्हा राग आला. या वेळी, ती बरोबर बोलली म्हणून.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पाच एकर कोरडवाहू : कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. काही वर्षं गावातल्या शेतीशाळेचं काम पाहतो, म्हणजे आठवड्यातून एकदा पंधरा-वीस कास्तकारांना घेऊन एखाद्याच्या वावरात जायचं, झाडं पाहायची, किडी मोजायच्या, वहीत लिहायचं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हापासून हे मोजणं गावाच्या अंगवळणी पडलं. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतो. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की सावध व्हायचं. वीस हिरवी बोंडं फोडायची, दोनात अळी निघाली की फवारणीचा विचार करायचा. त्याच्या आत पंप खांद्यावर घ्यायचा नाही. बाहेरून टवटवीत दिसणारं बोंड आतून पोखरलेलं असतं, हे आता आमच्या लेकरांनाही माहीत आहे.

त्या रात्री डोक्यात आलं ते एवढंच : अळीसाठी वही आहे, माझ्यासाठी नाही. खाली लिहिलेली रीत त्यातून हळूहळू तयार झाली. काही मी स्वतः करून पाहिलं, काही शेतीशाळेतल्या मंडळींनी, आणि त्यामागचं मानसशास्त्र नंतर वाचून समजलं. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतो ती जागा शेवटाकडे सांगितली आहे, ती वगळून वाचू नका.

पायरी पहिली : पंधरा दिवस फक्त नोंद

एक साधी वही घ्या. शाळेची उरलेली असली तरी चालेल. रोज झोपण्याआधी पाच गोष्टी लिहायच्या : कधी, समोर कोण, अंगात कुठे जाणवलं, तोंडातून काय निघालं, आणि त्याआधीच्या तीन-चार तासांत काय घडलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त रिकामा राहणारा. माझ्या वहीतल्या पहिल्या आठवड्याच्या तीन नोंदी जशाच्या तशा देतो.

"मंगळवार, रात्री ८. पोरगा. कानशिलं तापली. 'अभ्यास नसंन होत त वावरात ये' म्हणालो. त्याआधी : कर्जाच्या हप्त्याबद्दल फोन."

"बुधवार, सकाळी ६. कोणी नाही. छातीवर दगड. काही बोललो नाही, चहा नको म्हणालो. त्याआधी : रात्रभर जागली. डुकरं आली होती."

"शनिवार, दुपारी १. धुऱ्यावरचा शेजारी. हात थरथरले. 'तुमचं नेहमीचंच हाय' म्हणालो. त्याआधी : काही नाही."

तिसऱ्या नोंदीतलं 'काही नाही' दोन दिवसांनी खोडलं. आठवलं की त्या दिवशी सकाळपासून पोटात दोन कप चहाशिवाय काही नव्हतं.

या पंधरा दिवसांत स्वतःला सुधारायला जायचं नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सापळा लावल्या दिवशीच फवारणी केली तर पतंग किती होते ते कधीच कळत नाही. राग आला, येऊ द्या. ओरडलात, लिहा. 'असं वागायला नको होतं' हे वाक्य वहीत येऊ देऊ नका. ते वाक्य आलं की पुढच्या दिवशी माणूस खोटं लिहायला लागतो, आणि स्वतःच्या वहीत खोटं लिहिण्यात आपण पटाईत असतो.

लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलमध्ये बोलून ठेवा. बायांची अडचण वेगळी. घरात वही लपवायला जागा नसते आणि सापडली तर तिचं पारायण होतं. आमच्या गटातल्या एका वहिनींनी यावर जी युक्ती काढली तशी मला सुचली नसती. स्वयंपाकघरात एक रिकामा डबा. राग आला की त्यात तुरीचा दाणा, रडू आलं की हरभरा, भीती वाटली की मूग. आठवड्याला दाणे मोजायचे. कोणी विचारलंच तर बी निवडून ठेवलं म्हणायचं. तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "भाऊजी, मले वाटे मी लय रागीट हावो. डब्यात तर सारा मूगच निघाला."

पंधरा दिवस झाले की वही घेऊन निवांत बसा आणि सारख्या दिसणाऱ्या नोंदींवर एकाच रंगाची खूण करा. वेळ सारखी आहे का? माणूस सारखा आहे का? शेवटच्या रकान्यात तेच तेच येतं का? माझ्या बहुतेक नोंदी संध्याकाळी सात ते नऊच्या होत्या, माणसं बहुतेक घरची होती आणि आधीचा प्रसंग बहुतेक बाहेरचा. ज्याच्यावर राग होता त्याच्यासमोर मी एकदाही ओरडलो नव्हतो. व्यापाऱ्यासमोर मान हलवली, फोनवरच्या साहेबाला 'हो सर' म्हणालो, आणि त्याची वसुली घरी केली. हे कागदावर पाहिलं तेव्हा घशाला कोरड पडली.

पायरी दुसरी : अंग काय म्हणते

मनाला कळायच्या आधी अंगाला कळलेलं असतं. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात. समोर रोही (नीलगाय) असो की सावकार, शरीराची तयारी तीच. म्हणून रागाची पहिली खबर अंगातून मिळते, फक्त ती कुठे उमटते ते माणसागणिक वेगळं. माझी कानशिलं तापतात. माझ्या मोठ्या भावाचा जबडा आवळतो, गालावरची शीर उडताना दिसते. कोणाच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडच्या कितीतरी बाया 'डोकं दुखते', 'हातपाय गळाले' एवढंच म्हणतात आणि घरचे गोळी आणून देतात. दुखणं खरंच असतं, खोटं नाही. पण ते दर सोमवारी, सासरची मंडळी येऊन गेल्यावरच का होतं, हे गोळी सांगत नाही.

वहीतला तिसरा रकाना पाहा आणि तुमची एक जागा पक्की करा. तीच तुमच्या सापळ्याची जागा.

ती जागा बोलली की करायचं एवढंच : श्वास चार अंक मोजत घ्या, सहा अंक मोजत सोडा, असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. यात अध्यात्म शोधू नका, पंपाचा कॉक हळू बंद करण्यासारखं आहे. आणि एक कडू गोष्ट : खर्रा खाल्ल्यानं डोकं शांत होतं हे आम्ही सगळेच म्हणतो. तंबाखूतलं निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं. शांत होते ती फक्त तलफ, जी खर्ऱ्यानंच लावलेली असते. मी सोडला आहे असं लिहायला मला आवडलं असतं.

पायरी तिसरी : 'टेन्शन' हा शब्द महिनाभर बंद

आमच्याकडे बोंडअळी आली तरी टेन्शन, पोरगी कॉलेजला गेली तरी टेन्शन, साडूनं ट्रॅक्टर घेतला तरी टेन्शनच. तीन वेगळ्या किडींना एकच नाव दिलं तर औषध कुठलं आणणार? पहिली धास्ती आहे. दुसरी हुरहूर, आणि तिच्यात थोडा अभिमानही मिसळलेला. तिसऱ्याला हेवा म्हणतात. हा शब्द स्वतःबद्दल वापरायला जीभ वळत नाही, पण एकदा वापरून पाहा, फार हलकं वाटतं.

शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. चिडचिड वेगळी, संताप वेगळा. हिरमुसणं वेगळं आणि खंत वेगळी. उबग, तळमळ, कासाविशी, धडधड, पडल्या चेहऱ्याची लाज, चारचौघांत झालेला अपमान, कोणी विचारलंच नाही म्हणून आलेलं परकेपण. वहीत 'राग' लिहिलं असेल तिथे परत जा आणि विचारा : राग येण्याच्या क्षणभर आधी काय होतं? कापसाच्या त्या दिवशी माझ्या बाबतीत लाज होती. सोबत पुतण्या होता आणि त्याच्यासमोर मला बोलता आलं नव्हतं. आम्हा पुरुषांना लहानपणापासून रागाची तेवढी मुभा मिळालेली असते. भीती वाटली तरी राग, वाईट वाटलं तरी राग. त्यामुळे आतली बाकीची माणसं रागाचंच उपरणं घालून बाहेर पडतात.

नुसतं नाव दिल्यानं काय होतं, असं शेतीशाळेत मला विचारलं गेलं. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भेदरलेले, चिडलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं चित्र घेतलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव दिलं तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली. आमच्या गटातले एक बाबाजी यावर म्हणाले, "हे त आपली मारबतच झाली." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडताना गाव नुसतं 'त्रास जा' म्हणत नाही. खोकला म्हणतं, ढेकूण म्हणतं, रोगराई म्हणतं, एकेकाचं नाव घेऊन शिवेबाहेर काढतं. बाबाजींची जुळवणी शास्त्रात बसते की नाही ते सोडा, पण त्या दिवसापासून गटाला ही पायरी समजावून सांगावी लागली नाही.

पायरी चौथी : घटना आणि राग यांच्या मधलं वाक्य पकडा

ही पायरी अवघड आहे, सावकाश घ्या.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली, भाऊ सगळ्यांना आग्रह करत फिरला आणि माझ्या ओळीत न येताच पुढे गेला. मी न जेवता उठलो. तीन महिने बोलणं बंद. वहीत लिहिताना लक्षात आलं की घटना एका ओळीची होती : 'भाऊ माझ्या ओळीत आला नाही.' पण मला राग त्या ओळीचा नव्हता. मधे एक वाक्य होतं, जे मी स्वतःशीच बोललो होतो आणि बोललो हे मला कळलंही नव्हतं : 'आता याच्याजवळ पैसा आला, हा मले मोजत नाही.'

अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांनी १९५०-६० च्या दशकांत उपचाराच्या ज्या पद्धती उभ्या केल्या, त्यांचा पाया हाच. घटनेतून भावना थेट उगवत नाही, मधे आपण लावलेला अर्थ असतो, आणि तो इतक्या झपाट्यानं लावला जातो की डोळ्यांनी पाहिल्यासारखाच वाटतो.

करायचं असं. वहीतला एक प्रसंग घ्या, फार मोठा नको. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे फक्त ते लिहा जे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा ऐकू आलं असतं. 'भाऊ पुढे गेला' कॅमेऱ्यात येतं. 'भावानं टाळलं' येत नाही, ते उजवीकडे. मग उजवीकडच्या वाक्याखाली, पटो न पटो, आणखी दोन अर्थ लिहा. मी लिहिलं : त्याला आचाऱ्यानं हाक मारली असेल. किंवा, घरच्या माणसाला कशाला आग्रह, असं वाटलं असेल. खरं काय होतं? तीन महिन्यांनी विचारलं तर त्याला तो प्रसंगच आठवत नव्हता. तो म्हणाला, "तू जेवला नाही? कोणी सांगतलं नाही मले." यावर काय बोलणार.

दरवेळी दुसराच अर्थ खरा निघेल असं समजू नका. व्यापाऱ्याच्या बाबतीत मी तीन अर्थ लिहिले आणि पहिलाच बरोबर होता, तो लुबाडत होता. पुढच्या वर्षी कापूस घरी नीट वाळवला आणि सरकारी खरेदी केंद्रावर नेला, तिथे मीटर लावतात आणि आठ ते बारा टक्क्यांची पट्टी भिंतीवर लिहिलेली असते. राग बरोबर असेल तर त्याचं काम वेगळं. त्यानं योग्य माणसाकडे जावं, भाजीकडे नव्हे.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधावरच्या, भांडणांसाठी एक जास्तीची गोष्ट. आपली जनावरं शेजाऱ्याच्या वावरात गेली तर आपण म्हणतो, दोर तुटला. त्याची आपल्या वावरात आली तर म्हणतो, माणूसच तसा. स्वतःसाठी परिस्थिती आणि दुसऱ्यासाठी स्वभाव, असं आपण कारण वाटून देतो. दुसऱ्याच्या बाबतीतली ही चूक मानसशास्त्रात इतकी जुनी आणि पक्की मानली जाते की १९७७ साली ली रॉस यांनी तिला 'मूलभूत' असं विशेषणच लावलं. माझ्या वहीतलं 'तुमचं नेहमीचंच हाय' हे वाक्य त्याचाच नमुना. नोंदी तपासल्या तर शेजाऱ्याची जनावरं त्या वर्षी दोनदा आली होती. माझी तीनदा गेली होती.

पायरी पाचवी : स्वतःचं पीक-कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि वर्षभराच्या नोंदी त्यावर मांडा. हे मी वर्षभरानं केलं, आणि या सगळ्या रीतीत मला सगळ्यात जास्त याचा उपयोग झाला. तीन ढीग दिसले. जूनचा शेवट ते जुलै : पेरलं आहे, पाऊस दडी मारून बसला आहे, दुबार पेरणीची धाकधूक. सप्टेंबर : हातातला पैसा संपलेला, पीक उभं, फवारण्या, आणि पोळ्याला बैलांचा साज उधारीवर. मार्च : कर्जाची तारीख. उलट सोयाबीन घरात आल्यानंतरचे दोन-तीन आठवडे वही जवळजवळ कोरी. मी तोच, बायको तीच, मीठही तेवढंच.

याला पुरावा आहे, आणि तो शेतकऱ्यांचाच आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची एकदा तोडणीआधी, हात तंग असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर, डोकं चालवण्याची चाचणी घेतली. त्याच माणसाचे गुण तोडणीआधी कमी आले. कारखान्यांमुळे तोडणी सगळ्यांची एकाच वेळी होत नाही, महिन्यांवर पसरते, त्यामुळे हा नुसता ऋतूचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही. पैशाची चणचण डोक्यातली जागा अडवून बसते आणि बाकीच्या विचारांना कमी जागा उरते, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

मी यातून एक नियम केला आणि घरात सांगून टाकला. कॅलेंडरवरच्या या तीन ढिगांच्या महिन्यांत परत फिरवता येणार नाही असा निर्णय घ्यायचा नाही. हिस्सेवाटणी नाही, वावर विकायचं बोलणं नाही, पोरीची सोयरीक पक्की करणं नाही, भावाशी 'आजपासून संबंध संपला' म्हणणं नाही. अडलेलं काम असेल तर किमान दोन बाजारांचे दिवस जाऊ द्यायचे. आमचा आठवडी बाजार सोमवारी असतो, म्हणजे दोन सोमवार. गावात यावर हसले. नंतर एकाने येऊन विचारलं, "हे ट्रॅक्टरच्या कर्जालेही लागते का?" लागते.

पायरी सहावी : ही चाल कोणाची

छोटीच पायरी आहे. जी सवय वहीत पुन्हा पुन्हा दिसते, ती घरात आधी कोणाची होती? माझे वडील रागावले की बोलत नसत. तीन-तीन दिवस. आई मग जेवण सोडायची. मी लग्नाच्या पंगतीतून न जेवता उठलो ती चाल आईची आणि नंतर तीन महिने बोललो नाही ती वडिलांची. हे त्यांना दोष देण्यासाठी लिहू नका. त्यांच्या काळात दुष्काळ आणि सावकार दोन्ही होते, आणि बोलून दाखवायला जागा नव्हती. फक्त चाल ओळखीची झाली की ती आपोआप पडणं थोडं कमी होतं.

पायरी सातवी : 'जर-तर' ठरवून ठेवा

आता उपाय. मी आधी दोन गोष्टी करून पाहिल्या आणि फसलो. 'यापुढे रागावणार नाही' अशी शपथ घेतली, ती चार दिवस टिकली. मग राग गिळायला लागलो, ते जास्त वाईट निघालं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली लोकांना किळस आणणारी चित्रफीत दाखवून पाहिलं होतं. ज्यांना चेहऱ्यावर काही दाखवू नका असं सांगितलं, त्यांचे चेहरे शांत राहिले, पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरातल्या ताणाच्या खुणा वाढल्या. ज्यांना आधीपासून वेगळ्या नजरेनं पाहायला सांगितलं, त्यांना किळसच कमी वाटली. घरातल्या गप्प बसलेल्या माणसाला शांत समजू नये, ते यासाठी.

टिकली ती तिसरी गोष्ट. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात दाखवून दिलं की 'मी चांगलं वागेन' यापेक्षा 'अमुक झालं की अमुक करेन' असं नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं. वेळ, जागा आणि कृती तिन्ही बांधलेली हवीत. वहीतल्या सगळ्यात मोठ्या ढिगासाठी एकच वाक्य करा. एकच. दहा केलीत तर एकही राहणार नाही.

माझं वाक्य : 'बाहेरून आलो आणि ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला, की आधी रांजणातलं पाणी पिईन आणि घरच्यांना दिवसाची वाईट गोष्ट एका वाक्यात सांगेन.' बस. 'आज कटती झाली' एवढं सांगितलं की भाजीला ते सांगावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात मी तिसऱ्या दिवशी विसरलो, मग रांजणावर खडूनं फुली मारली. वहिनींचं वाक्य असं होतं : 'नणंदेचा फोन ठेवला की लगेच कोणाशी बोलायचं नाही, आधी अंगण झाडायचं.' त्यांचं अंगण त्या महिन्यात फार स्वच्छ होतं.

आणि आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे कीड किती वाढली की फवारायचं ती हद्द, विसरू नका. दोन-चार मावा दिसला म्हणून आपण फवारत नाही, मित्रकिडी त्याला खातात. वाईट वाटणं, थोडं चिडणं, एखाद्या संध्याकाळी गप्प राहणं याला औषध लागत नाही. आठवड्यात दोन-तीन वेळा त्याच कारणानं तेच घडू लागलं, किंवा लेकरं तुमचा आवाज ऐकून खोली बदलू लागली, तर पातळी ओलांडली समजा.

दुसऱ्याचं मन वाचायला जाताना

वही जमायला लागली की एक दुखणं जडतं : माणूस घरातल्या सगळ्यांची वही लिहायला लागतो. मलाही जडलं होतं. बायकोला सांगायचो, "तुला राग नाही, तुला असुरक्षित वाटते." तिनं एकदा लाटणं खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य घशातच राहिलं. पोरगा म्हणाला, "बाबा, मले वहीत नका टाकू." दुसऱ्याबद्दल अंदाज करायचाच तर तो प्रश्न म्हणून विचारा, तोही एकांतात, आणि उत्तर 'नाही' आलं तर ते खरं माना.

वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक उडालेली, हातपाय चालत नाहीत, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. हे दिसलं तर वही बाजूला ठेवा. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. गावच्या आशाताईंना सांगा किंवा थेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गावातला माणूस बोलतो. विचारणारा पाहिजे.

कोणाबद्दल शंका आली तर स्पष्ट विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. आणि फवारणीची औषधं घरात, कोनाड्यात, खाटेखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ. ती टोकाची घडी बहुतेकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ निघून जायला कुलूप उपयोगी पडतं.

मागच्या हंगामातली माझी एक नोंद देऊन थांबतो. "गुरुवार, रात्री ८. कापूस विकला, भाव पडला. कानशिलं तापली. रांजणापाशी थांबलो, पाणी प्यालो, सांगितलं. ही म्हणाली, बरं, हात धुवा. जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि हसू आलं, ही विचारते काय झालं. भाजीत मीठ खरंच नव्हतं."